अटलांटा: कण्या, भेंडी आणि एक उघडाबोडका डोंगर

अटलांटाला निघालेय म्हटल्यावर ज्याने त्याने दोनच नावं सांगितली, मत्स्यालय आणि कोका-कोलाचं म्युझियम. दोन्ही पाहिली. मत्स्यालयात व्हेल शार्क डोक्यावरून संथ जातो तेव्हा तिकिटाचे पैसे वसूल होतात. कोका-कोलाच्या म्युझियममध्ये मात्र आपण पैसे मोजून जाहिरात बघायला आलोय हे शेवटपर्यंत विसरता येत नाही. बाकी हे शहर पायी फिरणाऱ्याचं नाही. विमानतळाच्या आतूनच मार्टाची, म्हणजे इथल्या मेट्रोची, ट्रेन सुटते, ती बरी, पण तिच्या दोन रुळांपलीकडे जायचं तर गाडी हवीच. शिवाय निम्म्या रस्त्यांच्या नावात ‘पीचट्री’. माझा भाचा इतकी वर्षं तिथे राहतो, तरी मॅपशिवाय गाडी गल्लीबाहेर काढत नाही.

खाण्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. भाचेसुनेची आहे, कारण ती शाकाहारी. मेरी मॅक्स टी रूम हे १९४५ पासूनचं जुनं उपाहारगृह. तिथे आपली ऑर्डर आपणच पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून द्यायची. एक मांसाचा पदार्थ आणि सोबत भाज्या, असा हिशोब. भाज्यांच्या यादीत मॅकरोनी-चीजही मोजतात, हे वाचून मी दोनदा खात्री केली. आणि जी खरोखरची पालेभाजी, कॉलर्ड ग्रीन्स, ती बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाबरोबर तासन्‌तास शिजवलेली असते. सुनेने वाढणाऱ्या बाईंना विचारलं, “यात मांस आहे का?” त्या प्रेमाने म्हणाल्या, “नाही हनी, फक्त चवीपुरतं.” बिचारीने मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी आणि मक्याचा पाव यावर भागवलं. मी मात्र तिच्या वाटणीचं सगळं खाल्लं. पाल्याचं शिजवणीचं पाणीसुद्धा वाटीत देतात, त्यात मक्याचा पाव बुडवून खायचा. झकास लागतं. सकाळी ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या, वर लोण्याचा गोळा. थंड चहा इतका गोड की पहिल्या घोटाला दात शिवशिवले, आणि तरी रोज प्यायले. रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा मिळतात. जॉर्जिया भुईमुगाचं राज्य, जिमी कार्टर इथलेच शेंगांचे शेतकरी. कपातली गरम शेंग दाताने फोडली की खारट पाणी मनगटापर्यंत ओघळतं. गाडीत खाऊ नका, भाचा अजून सीट पुसतोय.

ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर आहे, जवळच एबेनेझर चर्च, आणि निळ्या पाण्याच्या मधोमध त्यांची आणि पत्नी कोरेटाबाईंची समाधी. आवारात गांधीजींचा पुतळाही आहे. जुन्या चर्चमध्ये किंग यांच्या भाषणांचं ध्वनिमुद्रण चालू असतं. बाकावर बसायचं आणि ऐकायचं, एवढंच. त्यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात शेवटी एकेका डोंगराचं नाव घेऊन तिथून स्वातंत्र्याचा घंटानाद होऊ दे असं येतं, त्यात जॉर्जियाच्या स्टोन माउंटनचंही नाव आहे. मी विचारलं, हा डोंगर कुठे? भाचा म्हणाला, “मावशी, अर्ध्या तासावर. पण तिथे गेलीस तर चिडशील.”

असं सांगितल्यावर कोण थांबतं!

शहराच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर, सपाट झाडीतून एकच्या एक राखाडी ग्रॅनाइटचा खडक वर आलाय. आजूबाजूच्या जमिनीपासून अडीचशे मीटर. गाडीमागे वीस डॉलर घेतले तेव्हा मी मनात राजगडाच्या पायथ्याचा हिशोब केला आणि गप्प बसले. वर जायला रोपवे आहे. आम्ही चालत गेलो. वाट मैलभराचीच, पण शेवटचा टप्पा असा उभा की लोखंडी कठडे लावलेत. मातीची पायवाट नाहीच, सगळा उघडा खडक. पायाखाली जागोजागी जुनी नावं कोरलेली, काही थेट एकोणिसाव्या शतकातली. गडांवर बाण काढून बदाम कोरणाऱ्यांना आपण उगाच एकटं पाडतो.

आणि गर्दी काय सुंदर होती! जॉगिंग करणारी काळी तरुण मंडळी, एका चर्चचा सारख्या टी-शर्टांतला गट, सलवार-कमीजवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या तेलुगू काकू, नातवाला खांद्यावर घेतलेले एक आजोबा. दर वळणावर कोणी ना कोणी “ऑलमोस्ट देअर” म्हणत होतं, आणि ते दर वेळी खोटं होतं. माथ्यावर भन्नाट वारा. खडकातल्या उथळ खळग्यांत पाणी, कडेने पिवळी फुलं. ती सप्टेंबरच्या सुमारास कातळावरच फुलतात, आणि मला आपल्या सड्यांवरची सोनकी आठवल्याशिवाय राहिली नाही. दूर अटलांटाच्या इमारती. भाचा म्हणाला, “कुठे चिडलीस?” मी म्हटलं, चिडण्यासारखं काय आहे इथे?

ते उत्तरेच्या बाजूला आहे. चढताना दिसतच नाही. खाली उतरून हिरवळीवर आलं की समोर कड्यावर तीन घोडेस्वार: जेफरसन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे अध्यक्ष आणि सेनापती. टोप्या काढून छातीशी धरलेल्या. सत्तावीस मीटर उंच, अठ्ठावन्न मीटर रुंद. घोड्यांचे पाय नीट कोरलेलेच नाहीत, पोटाखाली दगड तसाच कच्चा सोडलाय. मला वाटलं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं असेल. सुरुवात झाली १९२३ मध्ये, मग काम रखडलं. १९५८ मध्ये राज्य सरकारने डोंगर विकत घेतला आणि काम संपलं १९७२ मध्ये. म्हणजे किंग यांचा खून होऊन चार वर्षं झाल्यावर! याच माथ्यावर १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना पुन्हा उभी राहिली होती. आता शिल्प हटवायचं म्हटलं तर राज्याचा कायदाच आड येतो.

जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या भल्या लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून, आणि आपले देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवतील या आशेने. पुण्यात बसून त्यांनी हजारो मैलांवरच्या लोकांचे आभार मानले. नव्याण्णव वर्षांनी त्याच देशात, त्या आभारांच्या बरोबर उलट बाजूची माणसं कड्यावर कोरून पूर्ण झाली. हिरवळीवर मुलं फ्रिस्बी खेळत होती. उन्हाळ्यात रात्री इथे लेझर शो असतो म्हणे. मी भाच्याला म्हटलं, “चिडले.”

“सांगितलं होतं.”

पण इथवर येण्याचं माझं आणखी एक कारण होतं. १९९६ च्या ऑलिंपिकचं टेनिस याच पार्कच्या कडेला झालं होतं. लिएंडर पेसने ब्राझीलच्या मेलिजेनीला पहिला सेट हरून मग हरवलं आणि कांस्यपदक घेतलं ते इथे. ते कोर्ट बघायचं होतं. माहिती केंद्रावरच्या मुलाला ऑलिंपिक झाल्याचं ठाऊक होतं, टेनिसचं नाही. मग एका वयस्कर सफाई कामगाराने सांगितलं की स्टेडियम ओस पडलं होतं, काही वर्षांपूर्वी पाडलं. कोपऱ्यात पाटी? नाही. तीन घोडेस्वारांना कायद्याचं कवच, आणि सगळं जग जिथे खेळून गेलं त्या मैदानावर गवत.

गाडीत मी म्हटलं, “खाशाबांनंतर चव्वेचाळीस वर्षांनी मिळालेलं वैयक्तिक पदक होतं ते.”

“कोण खाशाबा?”

कऱ्हाडची माणसं हे वाचत असतील तर माफ करा, मुलगा तिकडेच वाढलाय. हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या, वेळच वेळ होता. गोळेश्वरपासून सुरुवात केली. १९५२, हेलसिंकी, कुस्ती, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, तेही सांगितलं. भाचा बराच वेळ पुढच्या गाडीकडे बघत होता.

“मग ते घर सुटलं का, मावशी?”

“सुटलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या घेतल्या आणि त्या पैशातून सोडवलं.”

“बरं झालं,” म्हणाला, आणि बुफर्ड हायवेकडे वळला. तिथे मैलोन्‌मैल व्हिएतनामी, कोरियन, मेक्सिकन खाणावळी आहेत. भाचेसुनेला एकदाचं मनासारखं जेवायला मिळालं. मी फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल्सचं सूप, मागवला आणि मोठा वाडगा मागवल्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.