सोंड, खिंड आणि पदर: ओहायोच्या डोंगरात धनुष्य घेऊन पाच दिवस

पहिल्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास हरणाची एक मादी ओढ्याच्या काठानं आली. मी शिकारीसाठी बसले होते त्या झाडापासून ४० पावलांवर थांबली, नाक वर केलं, जोराचा फुत्कार टाकला आणि पांढरी शेपटी उभारून उधळली. टेकडी चढून दिसेनाशी होईपर्यंत ती फुत्कारतच होती. खोऱ्यात माणूस शिरलंय हे आता तिथल्या प्रत्येक हरणाला कळलं होतं. मी हललेसुद्धा नव्हते. माझा वास तिच्यापर्यंत पोचला होता, आणि तो कुठं वाहतोय हे मी बसण्याआधी तपासलं नव्हतं. पुढचे चार दिवस मी मुख्यतः तेवढंच शिकले, म्हणून या वृत्तांतात हरणांपेक्षा वाऱ्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

जागा होती अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या आग्नेय भागातलं सरकारी जंगल, झलेस्की स्टेट फॉरेस्ट. कोलंबसहून हायवे ३३ नं नेल्सनव्हिलपर्यंत आणि तिथून २७८ नंबरच्या रस्त्यानं दक्षिणेला. माझ्या घरापासून दीड तास. रस्त्यात लेक होपजवळ होप फर्नेसची दगडी भट्टी लागते. १८५४ ते १८७४ अशी वीस वर्षं इथं लोखंड गाळलं जायचं आणि त्या भट्टीच्या कोळशासाठी आसपासचे डोंगर तोडून उघडे केले होते. आज दिसतं ते सगळं ओकचं रान त्यानंतर उगवलेलं आहे. डोंगरांची उंची आपल्या हरिहर गडाच्या पासंगालाही पुरणार नाही, पायथ्यापासून धारेपर्यंत जेमतेम अडीचशे फूट. पण बाजू तीव्र उताराच्या, घळी अरुंद आणि एकापुढे एक इतक्या की नकाशाशिवाय तासाभरात दिशा हरवते.

मी मूळची नाशिकची. ट्रेकच्या दिवसांत शिकलेले शब्द इथं इतके कामाला येतील असं वाटलं नव्हतं. मला धनुष्य शिकवणारे आमचे शेजारी, निवृत्त गृहस्थ आहेत, मी त्यांना काका म्हणते आणि त्यांनाही तो शब्द आवडतो. ते इंग्रजीत जे जे सांगायचे त्याला आपल्याकडे नेमका शब्द तयार होता. मुख्य डोंगराची धार. धारेतून खाली उतरणारी सोंड. दोन उंचवट्यांमधली खिंड. दोन सोंडांमधली घळ. आणि कड्याखाली, डोंगराच्या पोटाशी लागणारी सपाट पट्टी, म्हणजे पदर. झलेस्कीत असे पदर बऱ्याच ठिकाणी जुन्या लाकूडवाटांमुळे तयार झालेत. माणसाप्रमाणे हरणालाही फुकटचा चढ-उतार नको असतो. ते याच वाटा धरतं.

शिकारीबद्दल आधीच बोलून घेते, कारण मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. ओहायोत बेसुमार शिकारीमुळे १९०४ पर्यंत ही पांढऱ्या शेपटीची हरणं (व्हाइटटेल) पूर्ण संपली होती. ती बाहेरून आणून पुन्हा वाढवली, १९४३ मध्ये फक्त तीन काउंट्यांत मर्यादित हंगाम उघडला आणि आज ती राज्यभर आहेत. त्यांना खाणारे लांडगे आणि कूगर मात्र गेले ते गेलेच. इथं शिकाऱ्याला आधी कोर्स करावा लागतो, लायसन आणि हरणाचं वेगळं परमिट लागतं, आणि शिंगांचा नर वर्षाला एकच मारता येतो, मग हत्यार कोणतंही असो. धनुष्यांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. मी मांस खाते. ते कुठून आलं आणि त्यासाठी काय करावं लागलं, याची जबाबदारी वर्षातून एकदा तरी स्वतः घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही गेलो नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात. थंडी पडली की माज सुरू होतो असं इथंही लोक म्हणतात, पण माद्यांचं वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर ठरतं, थंडीवर नाही. साधारण २०० दिवसांचा गर्भकाळ. पाडसं मे-जूनमध्ये जन्मावीत असं ते जुळलेलं असतं. बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याला माजावर येतात, आणि मादी तयार असते ती जेमतेम एक-दीड दिवस. त्या काळात नर तिला सोडून हलत नाही, मग तो दिसणंही दुर्मीळ. म्हणून धनुष्यवाल्यासाठी त्याआधीचा आठवडा चांगला. नर अस्वस्थ असतात, एकामागून एक माद्यांच्या झोपायच्या जागा हुंगत फिरतात, भर दुपारीसुद्धा. उकाडा असला तर मात्र हिवाळी केस अंगावर आलेलं जनावर दिवसा चालायला नाखूष असतं. आम्हाला पहिले तीन दिवस हाच त्रास झाला.

त्या वर्षी आग्नेय ओहायोत भयंकर दुष्काळ होता. ओढ्यांत डबकी उरली होती आणि ओकची पानं पापडासारखी मोडत होती. जंगलातून दबक्या पावलानं चालणं अशक्य. पण कोरड्या ओढ्याचे दगड आवाज करत नाहीत, हे लवकरच लक्षात आलं.

आता वारा. सपाट रानात वारा पश्चिमेचा असला की तुमचा वास पूर्वेला जातो, हिशेब संपला. डोंगरात दोन वारे असतात. एक हवामान खात्याचा, दुसरा डोंगराचा स्वतःचा. रात्रभर गार झालेली हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरून घळीत आणि घळीतून ओढ्यात वाहते. ऊन चढलं की उलट, हवा उताराला चिकटून वर जाते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. मी पहिल्या दिवशी ओढ्याकाठी बसले, कारण तिथं सगळ्यात जास्त खुणा होत्या: शिंगं घासून सोललेली कोवळी झाडं, पायानं उकरून मुतलेल्या जागा, त्यांवरच्या चावलेल्या फांद्या. पण त्या खुणा बहुतेक रात्रीच्या. आणि तीन घळींची हवा जिथं एकत्र येते तिथं वास सरळ रेषेत जातच नाही, भोवऱ्यासारखा फिरतो. खोल तळाशी बसू नका. खुणा कितीही मोहात पाडोत.

वारा पाहायला दुकानात पावडरची बाटली मिळते, ती पहिल्या पाच फुटांचं सांगते आणि विरून जाते. काकांच्या खिशात मिल्कवीडचं वाळलेलं बोंड असतं. त्यांनी पहिल्यांदा त्यातला एक केसाळ तंतू हवेत सोडला तेव्हा मी नकळत मोठ्यानं म्हणाले, ‘अरे, म्हातारी!’ आपल्या रुईचंच कूळ ते. लहानपणी जिच्यामागे पळायचो तीच म्हातारी इथं ५०-६० यार्डांपर्यंत डोळ्यांना दिसत राहते, आणि ती जिथं जाते तिथं तुमचा वास जातो. कुठं उतरते, कुठं वळते, कुठं उचलली जाते ते सगळं दिसतं. ऑक्टोबरमध्ये रस्त्याकडेची दोन-तीन बोंडं फुटण्याआधी काढून कोरड्या डबीत ठेवा. जास्त काढू नका, मोनार्क फुलपाखरांचा संसार त्याच झाडावर असतो.

दुसऱ्या दिवशी मी खिंडीत बसले. नकाशा वाचणारा प्रत्येकजण खिंडीतच बसतो, झाडांवर आधीच्या शिकाऱ्यांच्या स्टँडचे, म्हणजे झाडाला बांधायच्या बैठकांचे, पट्टे घासल्याच्या खुणाही होत्या. साडेदहाला एक मोठा नर दिसला, पण खिंडीतून नाही. धारेच्या खाली, उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शातून, पूर्वेच्या बाजूनं तो आडवा चालत होता, ६० यार्डांवर. नाक पुढं, मान लांब, एकदाही न थांबता. मी ओढायला ४५ पौंडांचा जोर लागणारं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य वापरते आणि माझी मर्यादा २० यार्ड आहे. त्याला जाताना पाहत राहिले आणि मग त्याच ओळीवर एक म्हातारी सोडली.

ती पाहून सगळं उलगडलं. वारा पश्चिमेचा होता, धार ओलांडून पूर्वेच्या उतारावर यायचा. ऊन लागून खालची हवा वर चढत होती. दोन्ही भेटायच्या ते नेमकं त्याच तिसऱ्या हिश्शात. तिथून चालणाऱ्या नराला धारेपलीकडचा वास पाठीवरून आणि खालच्या झाडीत झोपलेल्या माद्यांचा वास समोरून, दोन्ही एकाच वेळी मिळतात. मोठे नर बसतातही तिथंच, सोंडेच्या टोकाला, पाठीशी वारा आणि डोळ्यांपुढे दरी ठेवून. आपल्या गडांवरच्या पहारेकऱ्यांनीही हीच जागा निवडली असती.

तिसरा दिवस उकाड्याचा, तो पूर्ण जागा शोधण्यात घालवला. दुपारी हरणं बसलेली असतात, तेव्हा धारेवरून हळू चाला आणि खाली पाहा. एका सोंडेच्या बाजूला जुनी लाकूडवाट डोंगराला वळसा घालत होती आणि वरून उतरणाऱ्या खोल घळीमुळे त्या वाटेवरच्या जनावराला घळीच्या तोंडाशी एकाच ठिकाणाहून ओलांडावं लागत होतं. तिथं मनगटाएवढी तीन झाडं ताजी सोललेली. मी पदराच्या खालच्या अंगाचा एक ओक निवडला. म्हातारी सोडली, ती उतारावरून बाहेर तरंगत रिकाम्या घळीवर गेली आणि तिथंच वर उचलली गेली, पदराकडे फिरली नाही. पाच वेळा सोडून पाहिली.

चौथ्या दिवशी हवा गार झाली. पहाटे पाचला निघाले, धारेवरून नाही, खालून. अंधारात हवा खाली वाहत असते; धारेवरून गेलात तर वास तुमच्या आधी डोंगर उतरतो. कोरड्या ओढ्यातून आणि मग तीव्र चढानं वर. एक किलोमीटरला पाऊण तास दिला. जॅकेट पिशवीत बांधलेलं ठेवा, घामानं भिजून झाडावर चढलात तर आठ वाजेपर्यंत थरथरायला लागाल.

झाडावर चढण्याबद्दल जरा कडक बोलते. जमिनीवरून पाय उचलताक्षणी हार्नेस (अंगावरचा सुरक्षा-पट्टा) झाडाला बांधलेला हवा, वर पोचल्यावर नाही. शिकारीत लोक जायबंदी होतात ते बहुतेक झाडावरून पडून. धनुष्य दोरीनं मागाहून ओढून घ्या, बाण झाकलेल्या भात्यातच. सरकारी जंगलात खिळे किंवा स्क्रूच्या पायऱ्या झाडात ठोकायला बंदी आहे, पट्ट्यानं बांधायच्या पायऱ्या घ्या. उतारावर आणखी एक गोष्ट: मी १८ फूट चढले तरी वरच्या अंगाच्या हरणापेक्षा जेमतेम आठ-दहा फूट उंच होते. तेव्हा खोड तुमच्या आणि पदराच्या मध्ये ठेवा, त्यामागे लपून बसा.

साडेआठला दोन माद्या गेल्या, नंतर अडीच तास काहीच नाही. या आठवड्यात नऊ वाजता उतरून नाश्त्याला जाऊ नका, एवढं काकांनी बजावलं होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी पानांत सलग पावलं वाजली. खार थांबत थांबत पळते, चालणारा नर थांबत नाही. आठ टोकांच्या शिंगांचा नर पदरावरून आला, मागच्या पायांची आतली बाजू काळी पडलेली, ही माजाची खूण. घळ ओलांडून तो १७ यार्डांवर आला तेव्हा मी दोरी ओढलेली होती. तोंडानं हलकेच ‘मॅ’ केलं. तो थांबला, थोडा पलीकडे तिरका. बाण शेवटच्या बरगड्यांमागून शिरून पलीकडच्या खांद्याकडे जाईल असा नेम धरला.

उतारावरचा नेम म्हणजे डोळ्याला दिसणारं अंतर नाही, आडवं अंतर. कोन लक्षात घेणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणा, नाहीतर आधीच झाडांची आडवी अंतरं मोजून ठेवा. वाकायचं ते कमरेतून, हात खाली घेऊन नाही. कमी ताकदीच्या धनुष्यावर उघडणाऱ्या पात्यांचे नाही, स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड (बाणाची धारदार टोकं) लावा आणि बाण जड ठेवा. माझा बाण आरपार गेला.

तो शेपटी खाली धरून घळीत उतरला. मग फांद्या मोडल्याचा आवाज, मग शांतता. मी ४० मिनिटं झाडावरच बसले. हात थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी होतं. बाणावर फेसाळ, गुलाबी रक्त होतं, म्हणजे फुप्फुस. काळपट लाल असतं तर यकृत, किमान चार तास थांबायचं. हिरवट आणि दुर्गंधीचं असतं तर आतडी, आणि मग आठ ते बारा तास त्याच्या मागे जायचं नाही, कारण हुसकावलेलं जखमी जनावर कुठंतरी दूर जाऊन हालहाल होऊन मरतं. तो ९० पावलांवर पडलेला होता. मी त्याच्या मानेवर हात ठेवून बसले. काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

घळीच्या तळातून अख्खं हरीण वर ओढणं दोघांनाही शक्य नव्हतं. हरणाला परमिटचा टॅग लावला, धारेवर चढून जिथं रेंज आली तिथून ॲपवर नोंद केली (दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत ती करावीच लागते), मग खाली येऊन तुकडे केले आणि दोन खेपांत पाठीवर वाहिले. काका एक खेप, मी दोन. चढाचं डोंगर-गणित नेम धरायच्या आधी करा: इथं पडलं तर वर कसं नेणार? चांगल्या दणकट पाठपिशव्या आणि कापडी मांस-पिशव्या गाडीत ठेवा. राज्याबाहेर नेणार असाल तर हरणांमधल्या मेंदूच्या रोगामुळे (CWD) मेंदू आणि कणा नेण्याबद्दल असलेले नियम आधी वाचा.

पाचवा दिवस काकांचा होता, त्यांना मादीही दिसली नाही. रानात बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. लेक होप पार्कची हद्द आणि फॉरेस्टची हद्द लागूनच आहेत, पार्कात शिकारीचे नियम वेगळे, तेव्हा हद्द फोनवर दिसायला हवी. नोव्हेंबरच्या मध्याला मुलांसाठी बंदुकीच्या शिकारीचा शनिवार-रविवार असतो, त्या दोन दिवशी धनुष्यवाल्यांनाही नारिंगी कपडे सक्तीचे. आणि रोज रात्री अंगावर गोचीड शोधा, नोव्हेंबरमध्येही असतात. मला दोन सापडल्या.

घरी आल्यावर हरणाची पांढरी चरबी पूर्ण काढून टाका. ती टाळूला चिकटते आणि तिचाच उग्र वास लोकांना मांसाचा वाटतो. पाठीच्या पट्ट्या तापलेल्या तव्यावर दोन-दोन मिनिटंच, मीठ-मिरी पुरे. खांदे मात्र कुकरमध्ये, नाशिकच्या काळ्या मसाल्यात, कांदा-खोबऱ्याच्या वाटणावर. बकऱ्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त लागतात. पहिला डबा काकांकडे पाठवला.