ब्लड ब्लिस्टर अ‍ॅन्युरिझम आणि मेंदूचा बायपास : माझा अनुभव

माझा बायपास झालाय म्हटलं की लोक आधी छातीकडे बघतात. मेंदूचाही बायपास असतो हे मलाही कुठे माहीत होतं!

सुरुवात नेहमीसारखीच, म्हणजे अचानक असं डोकं दुखलं की तसं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं, उलट्या, मान आखडली, आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त. पण अँजिओग्राफीत धमनीच्या भिंतीवरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, काही दिसेना. घरचे खूश, सर्जन मात्र अजिबात खूश नव्हते. रक्त आलंय म्हणजे ते कुठूनतरी आलंय, म्हणाले, काही दिवसांनी परत अँजिओ करू. दुसऱ्या वेळी मेंदूला रक्त नेणाऱ्या इंटर्नल कॅरोटिड धमनीच्या भिंतीवर इवलासा उंचवटा दिसला, तोही जिथे एकही फांदी फुटत नाही अशा जागी. हाच तो ब्लड ब्लिस्टर अ‍ॅन्युरिझम.

मूर्ती लहान पण कीर्ती महान, असला हा प्रकार. मला वाटलं छोटा आहे तर क्लिप लावतील आणि सोडतील. साध्या अ‍ॅन्युरिझमला मान असते, म्हणजे फुग्याचा धमनीलगतचा अरुंद भाग, क्लिप त्या मानेवर बसते. ह्याला मानच नाही. तिथे धमनीच्या भिंतीचे आतले थर फाटलेले असतात आणि वर फक्त पातळ पापुद्रा आणि रक्ताची गुठळी. विरलेल्या कापडाला टाका घातला की कापड टाक्यापाशीच फाटतं ना, तसं क्लिप लावताना धमनीच फाटू शकते. दादाने विचारलं, मग स्टेंट? फ्लो डायव्हर्टर नावाचा दाट जाळीचा स्टेंट बसवतात बऱ्याच जणांना, पण त्याला रक्त पातळ करणारी दोन औषधं चालू ठेवावी लागतात, आणि माझा रक्तस्राव ताजा, वर डोक्यातलं पाणी काढायला ड्रेन घातलेला, म्हणून आमच्या टीमने ते नको म्हटलं.

ठरलं असं की तेवढा धमनीचा तुकडा दोन्ही बाजूंनी क्लिप लावून कायमचा बंद करायचा आणि त्याआधी मेंदूला रक्ताची नवी वाट करून द्यायची. त्यासाठी हातातली अंगठ्याच्या बाजूची रेडियल धमनी काढणार, एक टोक मानेतल्या एक्स्टर्नल कॅरोटिड धमनीला आणि दुसरं मेंदूतल्या मिडल सेरेब्रल धमनीला जोडणार. (न्यूरोसर्जन यासारगिल यांनी झुरिकमध्ये मेंदूचा बायपास 1967 सालीच केला होता, हे नंतर वाचलं, तेव्हा वाचलं असतं तर जरा धीर आला असता.) धमनी काढण्याआधी हाताची टेस्ट झाली. मूठ घट्ट आवळायला लावली, डॉक्टरांनी मनगटावर दोन्ही बाजूंनी आपल्या अंगठ्यांनी दाबलं, मूठ उघडली तर तळवा पांढराफटक, मग करंगळीच्या बाजूला दाबलेला आपला अंगठा त्यांनी उचलला आणि सगळे तळव्याकडे बघत बसले. लाली भराभर परत आली, म्हणजे एका धमनीवर हाताचं भागणार.

ऑपरेशनचं मला काय कळणार! नंतर सांगितलं ते एवढंच की आधी मान उघडून खालून धमनी आवळायची सोय करून ठेवली, मध्येच फुटलं तर हाताशी असावी म्हणून, आणि बायपास जोडल्यावर डाय सोडून मायक्रोस्कोपमधून रक्त वाहताना पाहिलं, मगच मुख्य धमनी बंद केली.

खरी कसोटी पुढे. रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत धमन्या आकसायची भीती असते, त्यामुळे आयसीयूत सतत तेच, नाव सांगा, डोळे मिटून हात समोर धरा, हसून दाखवा. त्यासाठीचं निमोडिपिन हे औषध दर 4 तासांनी, 21 दिवस, रात्रीसुद्धा उठवून. सिस्टरवर मी चिडायचे, त्या बिचाऱ्या शांतपणे परत हात धरा म्हणायच्या.

घरी आल्यावर जबडा नीट उघडेना कारण कानशिलावरचा चावायचा स्नायू कापलेला असतो, अंगठ्याच्या मागे बधिरपणा, आणि थकवा तर विचारूच नका. कानापुढे बोट ठेवलं की नवी धमनी टकटक उडताना लागते. ती दाबायची नाही, म्हणून चष्म्याची काडी सैल करून घेतली, मास्कचा पट्टा डोक्यामागे बांधते, त्या कुशीवर झोपत नाही. अ‍ॅस्पिरिन रोज चालू आहे. दाढ काढताना कुणी ती थांबवायला सांगितली तर आधी न्यूरोसर्जनला फोन करायचा, हे डिस्चार्जच्या वेळी मला आणि दादाला वेगवेगळं बजावलं होतं.