झोपमोड करणारी डोकेदुखी आणि नोंदीचा कागद

सोमवार, रात्र

हिप्निक डोकेदुखी फक्त झोपेतच सुरू होते आणि माणसाला उठवते. जागेपणी काही नाही. बहुधा पन्नाशीनंतर लागते आणि बऱ्याच जणांना रोज साधारण ठरावीक वेळेला जाग येते. नील रास्किन यांनी १९८८ साली तिचं पहिलं वर्णन केलं, तेही सहाच रुग्णांवरून. इतक्या दुर्मिळ दुखण्यावर मोठी औषध-चाचणी कोण करणार? जे काही उपचार माहीत आहेत ते बहुतेक थोड्याथोडक्या रुग्णांच्या नोंदींतून आलेत. म्हणूनच मुंबईतल्या रेसिडेंटला (रुग्णालयात शिकणाऱ्या डॉक्टरला) संशोधन शिकवायचं तर सांख्यिकीच्या आधी नोंदीचा कागद शिकवावा, असं माझं मत आहे.

कागद मराठीत, एकाच पानाचा. झोपायची वेळ, जाग आल्याची वेळ, दुखणं थांबल्याची वेळ, तीव्रता ० ते १०, घेतलेली गोळी किंवा कॉफी. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: जाग कशाने आली, दुखण्याने की लघवीला? उठल्यावर मग डोकं दुखायला लागलं तर निदान वेगळ्या वाटेने जातं. तारीख झोपायला गेलो त्या दिवसाची लिहायची, नाहीतर बाराच्या पुढची प्रत्येक रात्र दोन तारखांत विभागते. रात्रपाळीचा वॉचमन दिवसा झोपतो, म्हणून नुसती घड्याळाची वेळ पुरत नाही. झोप लागल्यापासून किती तासांनी, हे काढता आलं पाहिजे. दुखलं नाही त्या रात्री ‘नाही’ असं लिहायलाच हवं. रिकामा चौकोन म्हणजे दुखलं नाही की लिहायचं राहिलं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. सगळीकडे २ आणि ३ वाजलेले, शाई एकच, अक्षर एका बैठकीचं दिसलं की समजावं, कागद ओपीडीच्या रांगेत भरलाय.

निदानाचे निकष असे: महिन्यातून किमान १० दिवस, ३ महिन्यांहून जास्त काळ, जाग आल्यावर १५ मिनिटं ते ४ तास. एका बाजूचा डोळा लाल होऊन पाणी येत असेल, माणूस खोलीत येरझाऱ्या घालत असेल, तर ‘क्लस्टर’ या वेगळ्या डोकेदुखीचा विचार करावा. हिप्निक म्हणण्याआधी दुसरी कारणं तपासावीत: २४ तासांचं बीपी, घोरणाऱ्याची स्लीप स्टडी, मेंदूचा एमआरआय, इन्सुलिनवर असेल तर रात्रीची साखर. कानशील हुळहुळतंय, चावताना जबडा दुखतोय, तर कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते, म्हणून ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) त्याच दिवशी. तिथे उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

उपचारात आधी कॉफी. झोपताना एक कप, म्हणजे साधारण ४० ते ६० मिलिग्रॅम कॅफिन. ‘झोप उडेल’ म्हणून घरचेच अडवतात, पण या रुग्णांपैकी बहुतेकांची उडत नाही. पाकिटावरचं चिकरीचं प्रमाण मात्र वाचावं, चिकरीत कॅफिन नसतं. भागलं नाही तर लिथियम, रात्री १५० ते ६०० मिलिग्रॅम, डॉक्टरच्या देखरेखीखाली. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी). रक्तातली पातळी गोळीनंतर १२ तासांनी बघायची असते. रात्री अकराला गोळी घेतलेल्याचं रक्त लॅबवाला सकाळी सातला घेऊन गेला तर आकडा फुगलेला येतो आणि डोस उगाच कमी होतो. टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड, गुडघ्यासाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, मे महिन्यातला घाम, जुलाब, या सगळ्यांनी पातळी चढते. हात थरथरले, बोलणं जड झालं, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे. इंडोमेथासिन हा दुसरा पर्याय. तोही वेदनाशामकच, म्हणून लिथियमसोबत नको, आणि पोट व किडनी बघूनच.

औषध लागू पडलं का, हे कळायला आधीच्या दोनेक आठवड्यांच्या नोंदी हव्यात. एका वेळी एकच बदल. हे दुखणं आपोआपही थांबतं, म्हणून काही महिन्यांनी डोस उतरवून बघावाच.

संशोधन असं रोजच्या कामातल्या नोंदींपासूनच शिकवावं. विकसनशील देशांतल्या आरोग्य संशोधकांसाठी डब्ल्यूएचओच्या टीडीआर (उष्णकटिबंधीय रोगांवरचं संशोधन व प्रशिक्षण) कार्यक्रमाचा ‘सॉर्ट इट’ हा अभ्यासक्रम मला म्हणूनच पटतो. शिकणारा आपल्याच कामातला प्रश्न घेऊन येतो. आधी प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), मग डेटा, मग शोधनिबंध. टप्पा वेळेत पुरा झाला नाही की बाहेर. दोन दिवसांची कार्यशाळा, जेवण आणि प्रमाणपत्र, यातून असलं काही उभं राहत नाही. डेटा दोन जणांनी स्वतंत्रपणे भरायचा आणि फरक मूळ कागदाशी ताडायचा, ही सवय इथल्या विभागांत फारशी दिसत नाही. एथिक्स समितीची परवानगी आधी घ्यायची. आणि औषध-चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी चालत नाही.

उद्याच्या बॅचसाठी कागदात एक रकाना वाढवायचाय: दुपारची झोप. त्या झोपेतही डोकं उठवतं, आणि हे आपणहून कुणी सांगत नाही.