जेलच्या शेवया आणि आईचा सोऱ्या

दिवाळीच्या आधी आईने फोनवर विचारलं, अरे तू लॅबमध्ये नेमकं करतोस तरी काय दिवसभर? म्हटलं जेलच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, शेवया पाडतो, केसाएवढ्या बारीक. तर म्हणे, मग सोऱ्याची चकती बदल की, हवा तो आकार येईल.

हसलो, पण खरी गंमत तिथेच आहे, आमच्याकडे चकतीच नाहीये.

पीडीएमएस म्हणजे पारदर्शक रबरासारखं मटेरियल, त्याच्या चिपमध्ये, म्हणजे छोट्याशा वडीत, २०० मायक्रॉनची (०.२ मिलिमीटरची) नळी. मधून सोडियम अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेलं चिकट प्रकरण, आणि बाजूंनी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी. एवढ्याशा जागेत पाणी खळाळत नाही, थर शेजारी शेजारी गुपचूप वाहतात, आणि कॅल्शियम आत झिरपलं की अल्जिनेटच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जाऊन धागा तयार. बाजूचा फ्लो वाढवला की धागा बारीक. थोडक्यात साचा पाण्याचाच!

अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतल्या लोकांनी तर नळीच्या छताला आणि तळाला खाचा पाडल्या, त्यामुळे बाहेरचं पाणी मधल्या धारेला गुंडाळतं आणि खाचा कशा नि किती यावर गोल की चपटी पट्टी ते ठरतं. मग प्रकाश टाकून तो आकार पक्का करायचा. म्हणजे आधी आकार, मग घट्ट. अल्जिनेटचं नेमकं उलटं, कॅल्शियम दिसलं की लगेच आवळतं, आकार गेला उडत.

माझं तेच झालं, दोन धारा भेटतात तिथेच गोळा, नळी बंद. सोडियम सायट्रेटने धुतली (ते कॅल्शियम ओढून घेतं, गोळा विरघळतो), आणि दोघांच्या मध्ये साध्या पाण्याची एक धार सोडली, जरा उशिरा भेटू देत म्हणून.

आता पट्टी मस्त चपटी आली, मायक्रोस्कोपखाली बघून नाचायचंच बाकी होतं, पण कॅल्शियम पोचायला इतका उशीर की बाहेरच्या भांड्यात पडल्यावर धागा फिसकटून गेला.

आईला सांगितलं तर एका वाक्यात विषय संपवला, "म्हणजे तुझी चकली हसली."

पुढची चिप लांब नळीची करतोय.