तुम्ही विचारलेत म्हणून : ‘प्रत्यक्ष लढाईत नव्हतात ना?’

कारगिल युद्धाच्या वेळी मी श्रीनगरच्या लष्करी रुग्णालयात परिचर्या अधिकारी होते हे कळले, की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : “पण प्रत्यक्ष लढाईत नव्हतात ना?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हे मला मान्य आहे. अनेक वर्षे मीही “नाही, आम्ही मागे होतो” एवढे बोलून विषय संपवत आले.

आम्हाला शिखरांवर पाठवत नसत, हे खरेच आहे. तिथे जखमीवर पहिला उपचार करत ते बटालियनचे डॉक्टर आणि नर्सिंग असिस्टंट जवान. त्यांच्या धैर्याशी बरोबरी सांगण्याची माझी मुळीच इच्छा नाही. पण द्रासकडून हेलिकॉप्टरने उचललेला जखमी झोजिला खिंड ओलांडून आमच्याकडे येई, तेव्हा रक्ताने कडक झालेला त्याचा गणवेश कात्रीने कापण्याआधी आम्हाला खिसे तपासावे लागत, कारण काहींच्या खिशात काडतुसे, क्वचित हातबॉम्बही तसेच राहिलेले असत. कारगिलमध्ये ५२७ जवान आणि अधिकारी धारातीर्थी पडले, हा आकडा पुष्कळांना पाठ असतो. जखमी १,३०० हून अधिक होते, हे मात्र सहसा कोणाला ठाऊक नसते.

जूनमधल्या एका संध्याकाळी शस्त्रक्रियागृहातली सगळी टेबले अडलेली होती आणि बाहेर स्ट्रेचर लागलेले होते. त्यांतल्या एका गढवाली मुलाच्या पोटात तोफगोळ्याचा स्प्लिंटर होता. तो पूर्ण शुद्धीवर होता आणि अतिशय अदबीने पुन्हा पुन्हा म्हणत होता, “सिस्टर, थोडा पानी.” आतडे फाटल्याची शंका होती आणि भूलही द्यायची होती, त्यामुळे पाणी देणे शक्यच नव्हते. मी गॉज भिजवून त्याचे ओठ ओले करत होते. शेजारच्या स्ट्रेचरवरचा जवान काहीच बोलत नव्हता, आणि त्याची नाडी जेमतेम लागत होती. मी लिहिलेल्या नाडीच्या आणि रक्तदाबाच्या नोंदी पाहून सर्जननी त्या न बोलणाऱ्याला आधी आत घेतले. तेव्हा या मुलाने मला विचारले, “मुझसे कोई गलती हुई क्या?” पाणी मिळत नाही ही आपल्याला कसलीतरी शिक्षा आहे, असे त्याला वाटत होते. मी समजावून सांगितले. त्याला ते किती कळले, कोण जाणे. नंतर त्याला टेबलावर घेतले, पण शस्त्रक्रिया चालू असतानाच तो गेला. मला तेव्हा बसायलाही सवड नव्हती, कारण पुढच्या जखमीला रक्त लावायचे होते.

नियम योग्य होता. पुढे मी तो विद्यार्थिनींना शिकवला आणि आजही तसाच शिकवेन : पोट भरलेल्या माणसाला भूल दिली, तर पोटातले फुप्फुसात जाऊ शकते, आणि जो वाचणार आहे असे धरूनच आपण काम करतो त्याचा जीव असा धोक्यात घालता येत नाही. त्या वेळच्या मला एवढे उत्तर पुरत होते. आता वय झाल्यावर वाटते, की दोन घोटांनी त्याचे काय बिघडले असते? मग तेव्हाची मी, ती तरुण लेफ्टनंट, मला विचारते, की तो जाणार हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होते का? ठाऊक नव्हते. तरीही माझे समाधान होत नाही.

“मुलांचे हात हातात घेऊन बसत असाल,” असेही कौतुकाने म्हटले जाते, आणि मला त्याचा राग येतो. हात मोकळे नसत. माया होतीच, पण दर काही मिनिटांनी नाडी पाहणे, लघवी मोजणे, हिमदंशाने काळवंडलेली बोटे कोरडी ठेवणे, कोण गप्प झाला आहे याकडे लक्ष ठेवणे, यांतच ती खर्ची पडत असे. पुढे पुण्यात बदली झाली, तेव्हा कृत्रिम अवयव केंद्रात आणि खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांच्या) केंद्रात त्याच लढाईतले जवान भेटले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काहींना रात्रीसुद्धा ठरावीक वेळाने कुशीवर वळवावे लागत होते, आणि युद्ध संपल्याचा २६ जुलै १९९९ हा दिवस उलटून गेल्याने त्यांच्या शुश्रूषेत काहीच फरक पडला नव्हता.

म्हणून हल्ली मी “होते” असे उत्तर देते. कधीकधी दुसऱ्या दिवशी ते मलाच अधिकचे वाटते, कारण माझ्यावर कोणी गोळी झाडलेली नव्हती. पण “नाही” म्हणणे मी सोडले आहे.