शून्य-सातचा फलक

महाविद्यालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे पत्र हाती आले तेव्हा कशावर लिहावे असा प्रश्न मला पडलाच नाही. या महाविद्यालयाने मला विज्ञान शाखेची पदवी दिली, प्रयोगशाळेत काम करण्याची शिस्त दिली आणि आयुष्यभर टिकलेले मित्र दिले. त्या सर्वांबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही लेखणी उचलली की मन जिमखान्याच्या दिशेनेच जाते. माझे सर्वांत मोठे ऋण तेथल्या सरांचे आहे. नुसते ‘सर’ म्हटले तरी १९८०च्या दशकातल्या आपल्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्यांची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

मी महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातून कधी खेळलो नाही. माझे अक्षर चांगले होते म्हणून सरांनी मुख्य जिन्याखालचा काळा फळा माझ्याकडे सोपवला होता. प्रत्येक सामन्यानंतर त्यावर निकाल, मैदानात उतरलेल्या अकरा खेळाडूंची आणि राखीव खेळाडूंची नावे, गोल करणाऱ्याचे नाव रंगीत खडूने आणि सर्वांत खाली पुढच्या सरावाची वेळ लिहायची, असा नियम होता. कोल्हापुरात फुटबॉलवेडा माणूस आधी आपल्या पेठेचा आणि तालमीचा, म्हणजे पेठेतल्या संघाचा, असतो, हे येथे कोणाला सांगायला नको. आमच्या संघात पाटाकडील तालमीचे, दिलबहारचे, बालगोपालचे, शिवाजी तरुण मंडळाचे असे सगळ्यांचे खेळाडू होते. हंगामात हीच मुले शाहू स्टेडियमवर हजारो प्रेक्षकांसमोर एकमेकांविरुद्ध जिद्दीने झुंजत आणि सकाळच्या सरावाला महाविद्यालयाची जर्सी घालून एकमेकांना पास देत. ‘पेठ फाटकाबाहेर ठेवून आत या’ एवढेच सर त्यांना सांगत, आणि मुले ते ऐकत असत. तालमीच्या संघामागे अख्खी पेठ उभी असे. महाविद्यालयाच्या सामन्याला मात्र मोजकेच विद्यार्थी येत. म्हणूनच त्या फळ्याला महत्त्व होते. संघाने काय केले, हे बहुतेकांना तेथेच कळत असे.

मी द्वितीय वर्षाला असताना आमचा संघ विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. सामना सांगलीला होता. पहिला गोल आमच्यावर लवकरच झाला. दुसरा झाल्यावर बरोबरी साधण्याच्या ईर्ष्येने बचावफळी पुढे सरकली, मागे मोकळी जागा राहिली आणि प्रतिस्पर्ध्यांच्या कडेने धावणाऱ्या दोन्ही वेगवान विंगर्सनी त्या जागेचा पुरेपूर उपयोग करून घेतला. मध्यंतरापर्यंत चार गोल झाले होते. सामना संपला तेव्हा निकाल शून्य-सात असा होता. सातव्या गोलनंतर जेमतेम काही मिनिटे उरली असतानाही आमच्या गोलरक्षकाने जाळ्यातून चेंडू काढला आणि तो स्वतः धावत मध्यरेषेपर्यंत नेऊन ठेवला. त्या सामन्यातले फारसे काही आठवू नये असेच आहे. पण ते धावणे मी विसरलेलो नाही.

परतीच्या एस.टी.त कोणी बोलत नव्हते. हातकणंगले मागे पडल्यावर सर आपल्या जागेवरून उठले, मागे येऊन मुलांच्या मधोमध बसले आणि त्यांनी १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकविषयी बोलायला सुरुवात केली. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालचा भारतीय संघ त्या स्पर्धेत युगोस्लाव्हियाकडून एक विरुद्ध दहा गोलांनी हरला होता. आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते आणि भारताचा एकुलता एक गोल अहमद खान यांनी केला होता. वर्षभरापूर्वीच, १९५१ साली, दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारा तो संघ होता. हरणाऱ्यांना बरे वाटावे म्हणून सांगितलेली ही गोष्ट असेल, असे आम्हांला आधी वाटले; पण सरांचा रोख वेगळाच होता. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट घालणे सक्तीचे झाले, म्हणजे पराभवाचे कारण डोळे उघडे ठेवून पाहिले गेले, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे संघाची धुरा पुढेही राहिली, हा दुसरा. रहीमसाहेब पेशाने शिक्षक होते, हे सांगताना सरांचा आवाज किंचित बदलला होता. त्याच रहीमसाहेबांचा संघ १९५६ साली मेलबर्नला ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि भारत चौथा आला. पुढे १९६२ साली जकार्ताला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला दोन-एकने हरवून आशियाई सुवर्णपदक पुन्हा भारताकडे आले. ‘दहा गोल झाले त्या दिवशी हा संघ कोणी आपला मानलाच नसता, तर मेलबर्नला कोण गेले असते?’ असे विचारून सर पुढे आपल्या जागी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडूची पेटी घेऊन फळ्यापाशी गेलो. काही मुले आधीच तेथे थांबली होती. हा निकाल लिहू नये, निदान नावे तरी लिहू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यामागे संघाविषयीची काळजीच होती. मी सरांना विचारायला गेलो. ते म्हणाले, ‘जिंकलेल्या दिवशी ज्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिलीस, ती आज कोणासाठी गाळायची? नेहमीच्याच आकारात लिही.’ मी परत आलो, शून्य-सात लिहिले, गोलरक्षकापासून राखीव खेळाडूंपर्यंत सर्वांची नावे लिहिली आणि खाली ‘सराव : सकाळी सहा’ असे लिहिले. पहिला तास संपेपर्यंत कोणीतरी फळा पुसून त्यावर टवाळीचे शब्द लिहिले होते. सरांनी ते कोणी लिहिले याची चौकशी केली नाही. मला बोलावून त्यांनी तोच मजकूर पुन्हा लिहायला सांगितले आणि मी लिहीत असताना ते स्वतः जिन्याशी उभे राहिले. येणारी-जाणारी मुले थांबून वाचत होती. गोलरक्षकही आला. त्याने पूर्ण फळा वाचला, आपले नाव वाचले आणि मला म्हणाला, ‘सहाच्या जागी साडेपाच लिही.’ मी सरांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मी साडेपाच लिहिले आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला संपूर्ण संघ मैदानावर होता. निकाल वाचून आलेले आणि आजवर सामन्यांकडे न फिरकलेले काही विद्यार्थीही कट्ट्यावर येऊन बसले होते. माझ्या मते त्या दिवशी आमच्या महाविद्यालयाच्या संघाला स्वतःचे समर्थक मिळाले. पुढच्या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यात एका गोलने हरलो, तोही निकाल मी त्याच अक्षरांत लिहिला. माझ्या विद्यार्थिदशेत संघाने अजिंक्यपद मिळवले नाही. तरी त्या कट्ट्यावरची गर्दी कमी झाली नाही.

आज शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझी फाउंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना, आहे. तेथे तयार होणारी कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, राज्याबाहेरही जातात. व्यवसायाच्या सुरुवातीला एका मोठ्या ऑर्डरमधला बराच माल ब्लो होल्समुळे, म्हणजे ओतीव धातूत राहिलेल्या पोकळ्यांमुळे, नाकारला गेला. तेव्हा मी रिजेक्शनचा आकडा कारखान्याच्या दारातल्या फळ्यावर लिहायला लावला आणि त्याच पाळीच्या कामगारांवर पुढच्या ऑर्डरचे काम सोपवले. ते सर्वजण माझ्याकडेच टिकले. त्यांतले काही आता विभागप्रमुख आहेत. ही रीत मी व्यवस्थापनाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात शिकलो नाही. ती जिन्याखालची आहे.

महाविद्यालयात येणे होते तेव्हा मैदानाची एक बाजू नव्या इमारतीखाली गेलेली दिसते. नवीन विभाग हवेत हे मला मान्य आहे, पण कट्टा गेल्याचे वाईट वाटते. जिन्याखालचा फळाही राहिलेला नाही. संघ जिंकला की छायाचित्रे मोबाइलवर येतात. हरला की काहीच येत नाही. मागील हंगामात आपला संघ मोठ्या फरकाने हरला, हे मला आमच्या कामगाराच्या मुलाकडून कळले आणि त्या अकरा जणांची नावे मला आजही ठाऊक नाहीत. ही गोष्ट मला पराभवापेक्षा अधिक बोचते. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. अमेरिकेकडून शून्य-तीन, कोलंबियाकडून एक-दोन आणि घानाकडून शून्य-चार असे तिन्ही सामने भारत हरला. परंतु अनिकेतविषयीचा अभिमान या शहरात तसूभरही कमी झाला नाही. जे प्रेम आपण देशासाठी खेळणाऱ्या मुलाला देतो, ते आपल्या महाविद्यालयाच्या मुलांनाही मिळाले पाहिजे.

जिमखान्याच्या नूतनीकरणात जिन्याखाली पुन्हा एक फळा बसवावा, अशी माझी विनंती आहे. त्याचा आणि दरवर्षीच्या बुटांचा खर्च मी उचलेन. निकाल कोणताही असो, त्यावर राखीव खेळाडूंसह सर्वांची नावे लिहिली जावीत, एवढीच माझी अट आहे. माजी विद्यार्थ्यांनीही यंदाच्या विभागीय स्पर्धेला अवश्य यावे. मागील हंगामात हरलेल्या संघातली बरीच मुले यंदाही खेळणार आहेत, असे मला सांगण्यात आले आहे. सामन्यांचे वेळापत्रक जिमखान्यात मिळेल.