गवयाची पाठ भिंतीला हवी

कोल्हापुरात ताराबाई पार्क आणि नागाळा पार्क या भागांत अजूनही आवार राखून असलेले काही जुने बंगले आहेत, आणि त्यांतल्या ओळखीच्या घरी थंडी ओसरू लागली की शास्त्रीय संगीताच्या खासगी बैठकी होतात. झाडाखाली बसून गाणे ऐकण्याची कल्पना सगळ्यांना आवडते, तशी मलाही आवडते. मात्र कलाकाराला बसवायचे कोठे, यावरून यजमानांशी माझा दर वेळी वाद होतो. त्यांना हिरवळीच्या मधोमध, आंब्याखाली, दिव्यांच्या माळा सोडून बैठक सजवायची असते आणि मी गवयाची पाठ भिंतीला असावी असा हट्ट धरतो.

हा हट्ट सजावटीच्या विरोधात नाही. आपली बैठक ही दिवाणखान्यात वाढलेली गोष्ट आहे. बंद खोलीत गळ्यातून निघालेला स्वर भिंतींवरून आणि तक्तपोशीवरून परत येतो, त्यामुळे मागच्या रांगेतल्या श्रोत्यालाही तो भरीव ऐकू येतो आणि गाणाऱ्यालाही आपला स्वर आपल्या कानांनी तपासता येतो. उघड्यावर हे परतणे जवळजवळ थांबते. तेथे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; म्हणजे तीन मीटरवर बसलेल्याला जे ऐकू येते, ते बारा मीटरवरच्या माणसापर्यंत १२ डेसिबलने क्षीण होऊन पोचते. त्यात हिरवळ आवाज शोषून घेते आणि वरचा कापडी मांडव काहीच परत देत नाही. पहिला बळी जातो तंबोऱ्याचा. चार-पाच रांगांमागे तो नुसता दिसतो.

जुन्या बंगल्याचा व्हरांडा यासाठी उत्तम. मागे दगडी किंवा चुन्याची भिंत, खाली फरशी, वर छत, आणि श्रोते समोर हिरवळीवर, अशी मांडणी केली की झाडेही राहतात आणि स्वरही राहतो. व्हरांडा नसेल तर घराच्या भिंतीला टेकून चौरंगाइतक्या उंचीचे व्यासपीठ करावे आणि श्रोत्यांची संख्या साठ-सत्तरांच्या पुढे जाऊ देऊ नये.

कोल्हापूरकरांनी तरी हे विसरू नये, असे मला वाटते. शाहू महाराजांच्या आश्रयाने जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब (१८५५-१९४६) येथे राहिले, त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांनी याच गावात शिष्य घडवले आणि धोंडूताई कुलकर्णींसारखी गायिका त्या तालमीतून निघाली. या गायकीतले सौंदर्य सलग आकारात (म्हणजे ‘आ’वर केलेल्या गायनात), एकमेकांत गुंतलेल्या स्वराकृतींत आणि लयीशी सतत चाललेल्या सूक्ष्म खेळात असते. हे सगळे जवळून ऐकण्याचे आहे. लांबून ऐकले तर नुसता दमसास कळतो.

उघड्यावरच्या संगीताची परंपरा युरोपातही होती, पण तिची वाद्ये आणि रचना त्या जागेला धरून असत. मोत्झार्टने १७७६ साली साल्झबुर्गच्या हाफ्नर कुटुंबातल्या लग्नासाठी जे सेरेनेड लिहिले, ते तंतुवाद्यांच्या जोडीला सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायची, वाद्येही असलेल्या वाद्यवृंदासाठी होते, चार जणांच्या चौकडीसाठी नव्हते. आपल्याकडे वाड्याबाहेर सनई-चौघडा आणि आत तंबोरा, ही वाटणी उगाच झालेली नाही.

संध्याकाळ मात्र बागेच्या बाजूने असते, हे मान्य केले पाहिजे. सूर्यास्तानंतर जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते आणि त्यामुळे आवाज वर निसटून जाण्याऐवजी खाली वाकतो. रात्री रेल्वे स्टेशनवरची शिट्टी ताराबाई पार्कात स्पष्ट ऐकू येते, ती या कारणाने. पण हाच गारवा वाद्यांना छळतो. तंबोऱ्याच्या तारा थंडीने आकसून चढतात, तर दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडून स्वर उतरतो. दोन वाद्ये विरुद्ध दिशांना चालू लागली की मधल्या वेळेत तबलजी हातोडीने पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर ठोके देत बसतो आणि तंबोऱ्यावरचा विद्यार्थी तारांतले मणी सरकवत राहतो. मिरजेचे तंबोरे कितीही नामांकित असोत, दवापुढे त्यांचेही चालत नाही. वाद्ये बैठकीआधी अर्धा तास बाहेर आणून ठेवावीत आणि मगच लावावीत, म्हणजे हा त्रास निम्म्याने कमी होतो.

दुसरी अडचण कायद्याची आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त जागा सोडून ध्वनिक्षेपकच काय, वाद्य वाजवायलाही मनाई आहे. रागांच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे बागेतल्या रसिकाच्या वाट्याला मारवा, पूरिया, यमन, केदार, फार तर बिहाग येतो. जयपूर घराण्याचा खास संपूर्ण मालकंस, हा उशिरा रात्रीचा राग, त्याने घरात शिरूनच ऐकावा. यावर मला सुचलेला उपाय सकाळच्या बैठकीचा आहे. साडेसहाला सुरुवात केली तर भटियार आणि तोडी वेळेत मिळतात, रस्त्यावर वाहने कमी असतात आणि कोकिळेचा सूर वेगळा असला तरी ती बिदागी मागत नाही. यजमान याला तयार नसतात, कारण सकाळच्या बैठकीनंतर जेवण घालता येत नाही. कोल्हापुरी माणसाला पाहुणा उपाशी गेलेला चालत नाही आणि विलंबित ख्याल चालू असताना मागच्या अंगणातून तांबड्या रश्श्याचा वास येऊ लागला, की समेवर दाद देणाऱ्यांचेही लक्ष कोठे असते ते सांगायला नको.

ध्वनिक्षेपकाचा प्रश्न शेवटी श्रोत्यांच्या संख्येवरच येतो. नव्वद-शंभर माणसे बोलावली की तो लागतोच आणि मग बाग हे केवळ छत नसलेले सभागृह होते. माणसे कमी बोलावली की वर्गणी कमी जमते, ही यजमानांची तक्रार खरी आहे. तरी मी म्हणेन की मांडव, दिव्यांच्या माळा आणि ध्वनिक्षेपक यांचे भाडे वाचते, ते साथीदारांच्या पाकिटात जावे. विशेषतः तंबोऱ्यावर दोन-अडीच तास मांडी न बदलता बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, ज्यांना बहुतेक ठिकाणी एका नारळावर वाटेला लावतात.